पडद्यावरची खोटी ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि माझ्या पोटातलं सगळं आपल्याला कळतं, असा तिचा समज आहे. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

नव्वदीच्या मधली वर्षं. धुळ्यात एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात मी संगणक बघायचो. बघायचो म्हणजे – लावायचे, बिघडले की उघडायचे, आणि कुणी ‘साहेब’ म्हटलं की मान ताठ करायची. माझं गाव पूर्वेला, जामनेरजवळ, पहूरच्या अलीकडे. धुळ्यात भाड्याची एक खोली आणि एक स्टोव्ह, बाकी कुणी नाही. रविवारी तर तोंडातून शब्द निघायचा नाही. संध्याकाळी चहावाल्याला ‘एक द्या’ म्हणताना स्वतःचाच आवाज परका वाटायचा. जीव लावणारं माणूस एकच – कमलअक्का.

अक्का प्रवेशाचे फॉर्म संगणकात भरायची. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठी, टाइपरायटरवरून संगणकावर आलेली. माझी पूर्वेकडची बोली ऐकून ती हसायची, तिच्या अहिराणी ‘शे’ला मी हसायचो. तिच्या डब्यात एक भाकरी जास्तीची असायची. ती माझ्यासाठी आहे, असं तिने कधी बोलून दाखवलं नाही.

आता थोडं यंत्राचं सांगतो. कंटाळू नका, माझा गुन्हा त्यातच आहे.

संगणक चालू झाला की आधी स्वतःला चाचपतो – मेमरी आहे का, डिस्क आहे का. मग नेटवर्कच्या कार्डाला विचारतो, आहेस का? कार्ड म्हणतं, आहे. पण कार्ड जागेवर असणं वेगळं आणि पलीकडे कुणी ऐकायला असणं वेगळं, नाही का? आमच्याकडे एकच काळी केबल सगळ्या टेबलांखालून फिरत मुख्य संगणकापर्यंत जायची. पलीकडचा जागा आहे की नाही, हे कार्डाला आपलं आपण कळत नसे. हाक मारायची आणि उत्तराची वाट बघायची, एवढाच उपाय. आणि वीज जाऊन आली की मुख्य संगणक आपली अख्खी डिस्क तपासल्याशिवाय कुणाला ओ द्यायचा नाही. आठ-दहा मिनिटं. बाकीचे मात्र मिनिटभरात उठून बसायचे.

सुरुवातीला मी नीटच केलं होतं. प्रत्येक संगणक हाक मारायचा आणि उत्तर आल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. तोवर पडदा काळा, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत राहायची.

पण आमच्याकडे सकाळी संगणकाची पूजा व्हायची. बटण दाबायचं, कुंकवाचं बोट लावायचं, उदबत्ती ओवाळायची – आणि उदबत्ती खोवेपर्यंत पडदा उजळलाच पाहिजे, असा हेडक्लार्कचा हट्ट. नाना म्हणायचे त्यांना सगळे. काळा पडदा त्यांना अपशकुन वाटायचा. एकदा संस्थेचे अध्यक्ष आले, वीज नुकतीच जाऊन आलेली, नारळ फुटला, आणि पडदा काळा तो काळाच. नाना सगळ्यांदेखत म्हणाले, “आमचे साहेब शिकलेले आहेत, मशीनच अडाणी निघालं.” सगळे हसले. मीही हसलो. त्याच दुपारी, चालू होताना चालणाऱ्या फाइलीतून ते वाट बघणं मी काढून टाकलं.

त्या जागी काय घातलं? कार्ड ‘आहे’ म्हणालं की पडद्यावर थेट एक ओळ – अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी – ‘नेटवर्क तयार आहे’. मुख्य संगणकाने ओ दिली तर उत्तम. नाही दिली, तर टेबलावरच्या त्याच संगणकात, फॉर्मच्या प्रोग्रामची सरावासाठी ठेवलेली प्रत गुपचूप उघडायची. दिसायला हुबेहूब. एकदा ती उघडली की संगणक बंद होईपर्यंत तीच; तिथे भरलेलं मुख्य संगणकात जायचं नाही, आणि हे फक्त मला ठाऊक. म्हटलं, पूजा झाल्या झाल्या कोण कामाला बसतंय?

अक्का बसायची.

जूनमधली एक सकाळ. वीज नुकतीच आली होती. अक्काने बटण दाबलं, उदबत्ती लावली, माझी ओळ वाचली आणि फॉर्म भरायला घेतले. नऊ फॉर्म झाले आणि वीज परत गेली. दुपारी आली, तेव्हा नेटवर्क खरोखरच तयार होतं, त्यामुळे पुढचे सगळे फॉर्म जागच्या जागी पोचले. आठवड्याने यादी लागली. त्यात नऊ नावं नव्हती.

पालक चिडून कार्यालयात आले. फॉर्म शोधले, तर ते अक्काच्या ‘झालेल्या’ गठ्ठ्यात, एकूण एक लाल खुणेचे. म्हणजे भरले नाहीत आणि खूण तेवढी केली? मुद्दाम वगळले असतील, असं कुणीतरी म्हणालं. दुसऱ्याने लगेच कारणही शोधून दिलं – पैसे मागितले असतील, मिळाले नसतील. दोन दिवसांत सुधारलेली यादी लागली, मुलांचं काही नुकसान झालं नाही. झालं ते अक्काचं.

मी तिचा संगणक उघडून पाहिला होता – चौकशीच्या आधीच. सरावाच्या प्रतीत नऊच्या नऊ नावं होती. वडिलांचं नाव, गाव, गुण, सगळं. एक चूक नाही. मी ती वाचली, सगळी वाचली. आणि पुसून टाकली.

घाबरलो होतो, असं म्हणू? नोकरी नवी होती, म्हणू? नानांचं ते वाक्य आणि ते हसणं पुन्हा ऐकायचं नव्हतं, एवढंच खरं.

चौकशीत नानांनी मला विचारलं, मशीनकडून नावं गळू शकतात का? अक्का समोरच्या खुर्चीवर बसली होती. कार्यालयात ती नेहमी शुद्ध बोलायची, पण त्या दिवशी, सगळे फॉर्म भरलेत हे सांगताना, घरची बोली आली तोंडात. “बठ्ठा फारम भरेल शेतस मी. तूच सांग, भाऊ.”

मी म्हणालो, “मशीन आपणहून काही गाळत नाही.”

शब्दाला शब्द खरं होतं. मशीनने आपणहून काही केलंच नव्हतं, मी करायला लावलं होतं. अक्काने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता – ती ती सकाळ आठवून बघत होती.

तिला संगणकावरून काढलं. संस्थेची एक शाळा जामनेरला होती, तिथे खडू-वह्यांचं कपाट सांभाळायला पाठवलं. घर धुळ्यात, ती तिकडे एकटी. मी दुसऱ्याच दिवशी वाट बघणं परत घातलं. मशीनला आता तपासायला वेळ लागेल, असं नानांना सांगितलं. नाना “बरं” म्हणाले. तेवढंच पुरलं असतं. आधीच एकदा सांगितलं असतं, तर तेवढंच पुरलं असतं.

त्यानंतर मी दुपारी एकटा जेवायचो. कुणी बोलवलं तरी जायचो नाही.

चार-पाच वर्षांनी जामनेरच्या बाजारात अक्का भेटली. हाक तिनेच मारली. केवढी खूश झाली – घरचं सगळं विचारलं, बारीक झालास म्हणाली. किराणा घेत होती. हातात सामानाची चिठ्ठी, प्रत्येक वस्तूवर दोनदोन खुणा. साबण टाकला ना, हे तिने दुकानदाराला तीनदा विचारलं, आणि मग पिशवीत हात घालून स्वतः पाहिलं. माझं लक्ष गेलेलं बघून ओशाळली. म्हणाली, हल्ली स्वतःवर भरवसाच राहत नाही. घरी कुलूप लावते आणि अर्ध्या रस्त्यातून परत जाते. मग हळूच, माझी समजूत घालावी तशी, म्हणाली, “मालेच भास व्हयना व्हई, भाऊ. तू थोडाच खोटं बोलशी?”

आजूबाजूला बाजाराचा गलबला होता. आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

मी म्हणालो, “माझी बस लागली असेल, अक्का.” आणि निघालो.

तिला भास झाला नव्हता. नऊही फॉर्म तिने भरले होते. हे पाहिलेला जगात मी एकटाच होतो, आणि मी बसमध्ये जाऊन बसलो.