मशीन न घेतलेला खेळ
परवा मोबाइलमध्ये जागा करताना लाडवांचा एक जुना खेळ सापडला आणि बेसा भागातल्या आमच्या घरचा एक उन्हाळा आठवला. आईच्या मनगटाचं प्लास्टर निघालं होतं, पण अंगठा आणि बोटं ताठ होती. पंधरा दिवसांनी वाळवणाचे सरगुंडे करायची आमच्या घरची पाळी होती. त्या दिवशी गल्लीतल्या बायका जमून बारीक काडीवर कणकेची तार गुंडाळतात आणि ज्या घरची पाळी, तिथली बाई नुसती पाहत बसत नाही. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू दाबायचा आईला कंटाळा येई, म्हणून मी हा खेळ लावून दिला. अंगठ्याने स्क्रीन दाबली की एक लाडू तयार होई. कूलरसमोर, वाळ्याच्या ओल्या वासात, ती दुपारभर लाडू करत बसे. शेजारीण म्हणाली, "काकू, एवढे लाडू केले, एखादा चाखाले तं द्या!" "मोबाइल चाट," आई म्हणाली. खेळात पुढे मशीन मिळतं आणि लाडू आपोआप होऊ लागतात. मी म्हटलं, "घेऊन टाक." ती म्हणाली, "मंग माह्या बोटायले काम काय राहीन?" मशीनशिवाय खेळ पुढे सरकेना, तरी ती त्याच टप्प्यावर खुशीत दाबत राहिली. पाळीच्या दिवशी तिने मोबाइल मागितलाच नाही. तिचे पहिले सरगुंडे पाहून शेजारीण हसली, "ढिले झाले वं काकू." आई म्हणाली, "ढिले असले तरी शिजतात नं." वर्तमानपत्राच्या नोकरीत एखाद्या बातमीत 'प्रकृतीत सुधारणा' असं लिहिताना मला आजही ते ढिले सरगुंडे दिसतात.