गाळलेलं वाक्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी मान खाली घालून सांगत नाही, आजही नाही. कर्जतला कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होते. अभ्यासाला एक इंग्रजी कविता होती, दोनशे वर्षांपूर्वीची — प्रेयसी दुसऱ्याची झाली म्हणून जळणाऱ्या माणसाची. सर म्हणाले, मराठीत रसग्रहण लिहा, चांगलं असेल ते वार्षिक अंकात छापू. चार दिवस माझी वही कोरी. कडव्यामागून कडवी तो रडतो, तिला बोल लावतो, आणि शेवटी तिच्या घराचं बंद दार तेवढं सांगून एकदम थांबतो. का थांबतो? मला कळेना.

रविवारी आत्याबरोबर कळंबला गेले. आत्या तिथल्या एका रिसॉर्टवर तांदळाच्या भाकऱ्या करते. मी वाढायला जायचे. ती उकड मळत होती तेव्हा मी तिला ती कविता आपल्या भाषेत सांगितली. थट्टा म्हणूनच.

"लई बोलतो गं हा," ती म्हणाली. "बोलतो तवर त्याला लागलेलं नाय. दाराशी येऊन गप झाला ना, तितं लागलंय त्याला."

तिला कुठून कळलं? इथं मलाही थांबावंसं वाटतंय. नाही थांबत. आत्याचा साखरपुडा मोडला होता. मुलाकडच्यांनी मोडला. आमच्याकडे मग त्यांच्याकडून आलेली साडी परत द्यायची असते. आजोबांनी तिलाच घडी घालायला लावली. तिनं घातली, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. पुढं लग्न केलं नाही. त्याबद्दल तिच्या तोंडून एक शब्द कुणी ऐकला नाही.

तिचं म्हणणं मी माझं म्हणून लिहिलं. चोरी? हो, चोरीच. पण तेवढ्यासाठी मी एवढं लिहीत बसले नसते. मी चुलीपासून किती लांब आलेय हे सरांना दिसायला हवं होतं ना — म्हणून खाली एक वाक्य जोडलं. असं दुःख जाणायला सुसंस्कृत मन लागतं; आमच्या गावच्या बायका मोडलेल्या साखरपुड्याची साडी घडी घालून परत देतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात.

छापून आलं. सरांनी वर्गात नेमकं तेच वाक्य मोठ्यानं वाचलं. मी ताठ बसले होते.

गरिबी होती, वय लहान होतं, गावाची लाज वाटायची — असलं काही माझ्या वतीनं बोलू नका. वीस वर्षांची होते. कुणाची साडी लिहितेय, मला पक्कं माहीत होतं.

आत्यानं अंक मागून घेतला. तिला अक्षर येत नाही, तरी पान बरोबर उघडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझं नाव बोटानं दाखवायची. एका दुपारी म्हणाली, वाच की मला. मांडीवर अंक घेऊन बसली, मी शेजारून वाचत गेले. त्या वाक्यापाशी आले — आणि ते गाळून पुढं गेले. अडखळले असेन, क्षणभर.

"मदी थांबलीस गं. तितं काय हाय?"

"काय नाय. पान उलटत होते."

सगळं रसग्रहण एकाच पानावर होतं. अंक तिच्या मांडीवर होता.

तिनं पानाकडे पाहिलं, अंक मिटला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेत ठेवला. पुन्हा कधी वाच म्हणाली नाही. लोकांना माझं नाव दाखवायची मात्र थांबली नाही. अजूनही दाखवते.

मी आता खालापूरला असते, नोकरी करते. दर सणाला तिच्याकडे जाते, तिच्या हातची भाकरी खाते. ती ट्रंक तिथंच, कोपऱ्यात असते. मी उघडत नाही.

हेही तिला वाचता येणार नाही, म्हणूनच लिहायचं धाडस झालं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. खरं आहे.