बहिणीचे समोरचे दोन दात

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर. गेल्या वर्षी, जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सव्वाअकराला, फुलंब्रीच्या कबड्डीच्या मैदानात. कुणावर, कधी, कुठं हे पत्रकाच्या पहिल्या ओळीत यावं, आणि कुणी केला हे दुसऱ्या ओळीत, असं आम्हाला विद्यार्थी संघटनेत शिकवलंय. दुसऱ्या ओळीत मीही येते, म्हणून हे इतके दिवस लिहिलं नाही.

ती तेव्हा अकरावीला होती. आमच्या बजाजनगरच्या संघात चढाई करायची. तोंडात दात वाचवायला माउथगार्ड असायचं, खेळाच्या दुकानातून आणलेलं, गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबून बसवायचं तसलं. आम्ही ते चहाच्या पातेल्यात उकळलं होतं आणि ते जरा ढिलंच बसलं होतं. कबड्डीत अडचण अशी, की चढाई करणारीला सबंध वेळ ‘कबड्डी कबड्डी’ म्हणावं लागतं आणि ते पंचाला स्पष्ट ऐकू यावं लागतं. नाहीतर दम गेला, चढाई बाद.

पंचांनी खेळ थांबवला. “ए पोरी, कबड्डी म्हणतीस का सुपारी चघळतीस? मला काय ऐकू येत नाय. काढ ते.”

“सर, दाताला लागंल.”

“बाकीच्यांना दात नायेत व्हय? काढ, नायतर बाद देतो.”

लोक हसले. तिनं माझ्याकडं बघितलं. मी रेषेबाहेर उभी होते. बसच्या पासासाठी कचेरीसमोर घसा बसेपर्यंत ओरडलेली मी. मी म्हटलं, “काढ गं, एक चढाई तर हाय.” आणि हात पुढं केला. तिनं ते ओलं गार्ड माझ्या तळहातावर ठेवलं. त्याच चढाईत तिला पकडताना समोरच्या मुलीचा गुडघा तिच्या तोंडावर बसला. वरचा समोरचा दात अर्धा तुटला. गुण त्यांना मिळाला.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी दाताची मुळापासून सफाई केली आणि वर कॅप बसवू म्हणाल्या. दातांच्या रंगाची पट्टी घेऊन तिला खिडकीपाशी उभं केलं. आई पट्टीवरच्या सगळ्यात पांढऱ्या दातावर बोट ठेवत राहिली. मग म्हणाली, “शेजारचा वाकडा हाय बघा. आता करतोच आहोत तर त्याचंबी करून टाका. उद्या पाहुणे येतील बघायला.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तो दात धडधाकट आहे. कॅपसाठी घासून बारीक करावा लागेल. घासलेला परत येत नाही. घाई नसेल तर तार लावून सरळ होईल.”

“तार लावून दोन वर्षं फिरवू का तिला?” आई म्हणाली.

बहिणीनं शेजारी उभ्या बाबांना विचारलं, “दोन्ही केले तर जिल्ह्याच्या निवडीला जाऊ देताल?”

बाबा म्हणाले, “जा की. कुणी अडवलंय.”

असा तिनं चांगला दात दिला. कुणी धरून बसवलं नव्हतं, म्हणून याविरुद्ध मोर्चासुद्धा काढता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या दातांचा साचा घेऊन नवं माउथगार्ड करून दिलं. ते घालून ती खुर्चीवरच ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायला लागली. शब्द न् शब्द कळत होता. बाहेरच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, “आत कोण खेळतंय?” आम्ही हसलो. आमच्या घरात त्यानंतर कबड्डीवरून कुणी हसलेलं मला आठवत नाही.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी तिनं बॅग भरली. बाबा वाळूजच्या कंपनीतून पहिली पाळी करून आले होते. तिथं कुणी सुरक्षेचा चष्मा न लावता मशीनला हात लावला, तर बाबा त्याला गेटबाहेर काढतात. पण चष्मा लावलेल्याला मशीन बंद ठेव असं ते कधीच म्हणत नाहीत. बॅग बघून म्हणाले, “एवढे झकास दात झालेत, आता कशाला मातीत?”

“बाबा, तुम्ही म्हणला होता.”

“तवा म्हणलो होतो. परत फुटला तर कोण करणार?”

“गार्ड हाय की आता.”

“मागच्या बारीलाबी होतं.”

मी तिथंच होते. ‘ते काढायला लावलं होतं, आणि मीच हातात घेतलं होतं’ एवढंच सांगायचं होतं. मी बोलले नाही. आई आतून म्हणाली, “पोरीला चेहरा एकच असतो.”

ती रडली नाही, भांडली नाही. बॅगेतले कपडे काढून तिनं परत घडी घालून ठेवले.

निवड झाली, संघ गेला, तिच्या जागी दुसरी खेळली. आता ती मैदानाच्या बाजूनं जात नाही, लांबून वळसा घेते. मी दोनदा म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ. ती म्हणाली, “ताई, तुझं पत्रक तूच वाच.” मागच्या महिन्यात पाहुणे आले. त्यातल्या बाई म्हणाल्या, “दात किती सरळ आहेत हो पोरीचे.” आई म्हणाली, “जन्मतःच.” बहीण तोंड मिटून बसली होती. मला नाही वाटत ती परत खेळेल.

तुमच्या घरी अशी मुलगी असेल, दात दुरुस्त करून सजवून ठेवलेली, तर मला सहानुभूती पाठवू नका. दातांच्या डॉक्टरकडून तिच्या मापाचं गार्ड करून घ्या, उद्या सकाळी तिला स्वतः मैदानावर सोडा, आणि कुणी ते काढ म्हणालं तर तिथंच रेषेवर उभे राहून नाही म्हणा.