आतोबांचे दात

चेहरा हे केवळ दातांवरचे झाकण आहे, अशी माझ्या आतोबांची पक्की श्रद्धा होती. अकोल्यात त्यांचा दातांचा दवाखाना होता. रस्त्यात कुणी नमस्कार केला, तरी तो मनुष्य हसेपर्यंत त्यांना त्याची ओळख पटत नसे. दवाखान्यातल्या फळीवर निम्म्या गावाच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे ठसे मांडलेले असत, आणि त्यांतले कित्येक मालक केव्हाच स्मशानात पोचलेले. दिवेलागणीला ते सारे जबडे एकदम हसू लागल्याचा भास होई. धूळ झटकताना आतोबा त्यांची विचारपूस करीत. "काय वकीलसाहेब, आता तरी सुपारी सुटली काय?" असे विचारून ते उत्तरासाठी थांबलेलेही मी पाहिले आहेत.

वयात येणाऱ्या मुलांसाठी त्यांची रीत निराळी होती. आईबापांना बाहेर बसवायचे, मुलाच्या दोन्ही गालांत कापूस कोंबायचा आणि मग घरात कुणी उच्चारत नाही ते विषय काढायचे. "बोलू नको, नुसती मान हालव. तोंडात कापूस असला म्हंजे खोटं बोलता येत नाही." कुणाची चोरटी विडी, कुणाचे जेवण टाकणे, सारे त्यांना दाढेवर दिसे.

मला पंधरावे लागले तेव्हा अमरावतीला माझी आई क्षयाने अंथरुणाला खिळली होती. मी झोपेत करकर दात खात असे. आणि असले पोर घरातले माणूस खाते, अशी शेजारणींची कुजबुज माझ्या कानी आली होती. मी झोपणेच सोडले. दाढ दुखू लागली, तेव्हा मला बडनेऱ्याच्या स्टेशनावर गाडीत बसवून अकोल्याला आत्याकडे धाडले. आतोबांनी कापूस कोंबला, आरसा आत घातला आणि एकेक दाढ निरखून पाहिली. समोरचे जबडे माझ्याकडे पाहत होते.

"झोपत नाहीस तू. तुले वाटते, तूच आईले खाऊन राहिला."

हे त्यांना कसे कळले, मला अजून ठाऊक नाही. माझी मान हलली.

"भेव चावून राहिला तू, बाबू. दुखणं तिच्या छातीत हाये. तुहे दात तिथवर पोचत नाहीत."

दिवाळीनंतर आई गेली. मी तेव्हाही जागाच होतो, तरीही आमच्या अंगणात एक शेजारीण म्हणाली, "लागलेच शेवटी पोराचे दात," तेव्हा मला ते खरे वाटले. आत्याबरोबर आलेले आतोबा सावकाश तिच्याकडे वळले. "मी बी खातो झोपेत दात, लगन झालं तवापासून. ही पाहा याची आत्या. हाये ना जित्ती?" चांगली धट्टीकट्टी आत्या पदराने डोळे पुसत उभी होती. बाया एकेक करून पांगल्या, आणि त्या वाक्याला धरून मी पुन्हा झोपू लागलो.

आतोबा गेल्यावर पुष्कळ वर्षांनी मी आत्याला विचारले, "त्यांच्या दात खाण्याने तुझी झोप मोडत नसे का?"

"कोणाच्या, यांच्या?" आत्या म्हणाली. "अरे, हे तर इतके चूप निजत, का मीच भेऊन नाकापुढे हात धरून पाहो."