टोकावरची आग

आमच्या गावाबाहेर धरणाच्या पाण्यात घुसलेलं एक खडकाळ टोक आहे. तिथं शेळ्या चारणारा आमचा शेजारी पाखरांचं प्रत्येक घरटं ओळखतो, शीळ घालून तित्तराला बोलावतो, आणि दर चैत्रात तिथलंच वाळलेलं गवत पेटवून देतो.

‘काकू, जाळल्याबिगर चांगला चारा फुटत न्हाई,’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. मला त्याचा संताप येतो.

यंदा काडी ओढण्याआधी त्यानं टिटवीची चार अंडी टोपीत घेऊन लांब खडकावर नेऊन ठेवली. आग विझल्यावर टिटवी जुन्या जागी राखेवरच ओरडत फिरत राहिली. अंड्यांकडे ती गेलीच नाही. तित्तराची पिल्लं तर जळूनच गेली होती.

‘अंडी वाचवली की मी!’ तो म्हणाला.

‘मग आता तूच बस जा त्यांच्यावर,’ मी म्हटलं. ‘पिल्लं निघस्तोवर उठायचं न्हाई.’