निर्माल्यात गेलेली चिमटी

आमच्या हँगरमध्ये पूजेला अक्षता चालत नसत. नारळ चालायचा, पण तो बाहेर, सायकल स्टँडजवळच्या कडुनिंबाखाली फोडायचा. उदबत्तीचं तर नावच काढायचं नाही, कारण शेजारी इंधन. विमानाचं इंजिन समोर जे सापडेल ते आत ओढतं, आणि तांदळाचा दाणाही त्याच्या पात्यांना नको असतो. त्यामुळे खंडेनवमीला आमच्या हत्यारांना हळदीकुंकू आणि झेंडूवरच समाधान मानावं लागे. देवाला ते समजायचं. नवीन बदलून आलेल्या साहेबांना मात्र दर वर्षी समजावून सांगावं लागायचं.

मी नाशिकबाहेरच्या विमानांच्या कारखान्यात वायरिंगला होते. आयटीआय करून नव्वदच्या दशकात लागले, तेव्हा हँगरमध्ये बायका अगदी बोटांवर मोजण्याइतक्या. विमानांत नोकरी म्हटल्यावर अर्ध्या नातेवाइकांना मी हवाई सुंदरी झाले असंच वाटलं. एका मावशीनं एका स्थळाला तसं सांगूनही टाकलं. ती मंडळी मला बघायला आली, माझ्या बोटांवरचे डाग आणि भाजल्याच्या खुणा बघितल्या, पोहे खाल्ले आणि गेली. बरं झालं गेली, पोहे मीच केले होते आणि ते चांगले झाले नव्हते.

आमच्या फोरमनना सगळे मामा म्हणायचे. मिग विमानं इथं जोडली जायला लागली तेव्हापासून ते त्याच कामावर. तरुणपणी रशियन इंजिनियरांच्या हाताखाली शिकलेले. त्या काळातले चार-दोन रशियन शब्द त्यांच्या तोंडात राहिले होते, पण ते बाहेर पडायचे फक्त एखादी पिन जागेवर बसत नसली की. त्यांचा अर्थ विचारायचं धाडस मी कधी केलं नाही.

दोन हजार सालानंतर आमच्याकडे जुन्या मिगना नवं रूप द्यायचं काम आलं. शरीर तेच, पण नाकात नवा रडार, वैमानिकापुढे नवे पडदे, आणि पंखांखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या शत्रूलाही गाठणारी क्षेपणास्त्रं. रडार रशियन, दिशा दाखवणारी पेटी फ्रेंच, शत्रूच्या रडारची चाहूल देणारी आपली. प्रत्येकीचा प्लग वेगळा आणि मिजास वेगळी. त्यांना एकमेकींशी बोलायला लावायचं ते वायरींनी, म्हणजे आम्ही. तीन जावांना एका ओट्यावर स्वयंपाक करायला लावण्यातलाच प्रकार. एक पेटी सुरू केली की दुसरी रुसायची.

मामांनी सुरुवातीला नाक मुरडलं. "म्हाताऱ्याला कवळी बसवा, चष्मा लावा, कानात यंत्र घाला, आणि मग म्हणा पळ," असं म्हणायचे. पण महिन्याभरात त्यांना त्या कामानं असं वेड लावलं की जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातात आणि वायरिंगचा नकाशा दुसऱ्या हातात. मटकीची उसळ रडारच्या नकाशावर सांडली म्हणून मी त्यांना ओरडलेही आहे. माझा आवाज आधीच मोठा, हँगरमध्ये तो घुमायचा. मामांना त्याचं काही वाटायचं नाही.

पण ह्या माणसाची एक गंमत होती. स्वतःच्या हातून गेलेलं विमान उडताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं. आपलीच दृष्ट लागते अशी त्यांची पक्की समजूत. विमान धावपट्टीकडे निघालं की आम्ही सगळे दाराकडे धावायचो, आणि मामा हँगरच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. त्या भिंतीवर आग विझवण्याच्या सूचनांचा फलक होता. विमान परत उतरल्याचा आवाज आला की मगच वळायचे. बाकी कुठलंही विमान, कुणाचंही, मान मोडेपर्यंत बघायचे. फक्त आपलं नाही.

ते ऑक्टोबरअखेर निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या हातातलं शेवटचं विमान दसऱ्यानंतर उडायचं होतं. तेव्हा एक दिवस त्यांनी चहा पिताना जाहीर केलं, "हे मी बघणार आहे. दृष्ट लागायची तर लागू दे. सगळा जन्म ह्यात गेला, निदान एक तरी बघून जातो." सगळे हसले, मी पण हसले, पण मला आतून फार बरं वाटलं. त्या दिवसापासून त्या विमानाला उशीर करणारा माणूस माझा शत्रू झाला.

आता आमच्या हत्यारांच्या पेटीबद्दल सांगायला हवं. पेटीत जाड फोम, आणि त्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच. हत्यारावर नंबर कोरलेला. संध्याकाळी प्रत्येक खाच भरलेली दिसली तरच झाकण लावायचं. एखादी रिकामी दिसली, तर ते हत्यार विमानात राहिलं आहे असंच धरायचं, मग ते सापडेपर्यंत विमान हलणार नाही. हवेत गेल्यावर एखादा सुटा पाना विमान वळवणाऱ्या दांड्यांमध्ये जाऊन अडकला तर वैमानिकाचं काय होईल, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असायचं. इतक्या वर्षांत मामांच्या पेटीची खाच कधी रिकामी राहिली नव्हती.

त्या खंडेनवमीला टेबलावर पांढरं कापड घालून सगळी हत्यारं मांडली. फुलं आणली आमच्यातल्याच एकानं. तो सायखेड्याचा, घरची झेंडूची शेती, म्हणून आम्ही त्याला झेंडूवाला म्हणायचो. पूजा झाली, पेढे झाले. पूजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत जागचं हलवायचं नाही हा रिवाज, म्हणून ती मांडलेलीच राहिली, पेटीत गेलीच नाहीत. फुलं मात्र हँगरमध्ये रात्रभर ठेवायची नाहीत हा कारखान्याचा नियम. झेंडूवाल्यानं ती पिशवीत भरून घरी नेली, गोदावरीत सोडायला. रिवाज पाळला आणि नियमही पाळला, आणि दोन्हींच्या मधून आमची चिमटी निसटली.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो. मामांनी उत्तरपूजा म्हणून टेबलाला हात जोडले, एकेक हत्यार पुसून खाचेत ठेवलं, आणि एक खाच रिकामी राहिली. प्लगमध्ये पिना बसवायची लांब, बारीक चिमटी. टेबलाखाली बघितलं, कापड झटकलं, खिसे उलटे केले. तपासणीचे साहेब आले. माणूस भला, दक्षिणेकडचा, पण नियमाच्या बाबतीत कर्दनकाळ.

"जब तक मिलता नहीं, तब तक वो जहाज़ के अंदर है," ते म्हणाले.

"पण साहेब, पूजेला सगळी टेबलावर होती!" मी तडकून म्हणाले.

"किसने गिना था?"

कुणीच मोजली नव्हती. पूजेत कुणी हत्यारं मोजतं का? साहेबांनी हुकूम दिला, आसन बाहेर काढा, सगळी झाकणं उघडा, नव्या पेट्या उतरवा. म्हणजे ऑक्टोबर त्यातच जाणार आणि मामाही जाणार. मामा रिकाम्या खाचेवरून बोट फिरवत उभे राहिले. मला इतकं वाईट वाटलं आणि त्याच वेळी इतका राग आला की नक्की कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी चहावाल्याशी भांडले.

चहा पिता पिता मला आई आठवली. आमच्या घरी पूजेची पळी हरवली की आई घर शोधत बसत नाही. आधी निर्माल्याची परडी उपडी करते. पळी तिथंच असते. मी अर्धा कप तसाच ठेवून उठले.

झेंडूवाला त्या दिवशी द्राक्षांच्या छाटणीसाठी रजेवर होता. साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, गेटवर पिशव्या तपासतात. मी म्हटलं, तपासली असेलच, पण कुंकू लागलेल्या फुलांत हात कोण घालेल? उलट नमस्कार केला असेल. साहेबांनी बाहेर जायच्या पासवर सही केली. मामा म्हणाले, "जा पोरी. पण नदीत गेली असेल तर पाण्यात उतरू नकोस." मी स्कूटर काढली आणि सायखेड्याला जाईपर्यंत गोदावरीची विनवणी करत होते की बाई, पाणी कमी ठेव.

घरी झेंडूवाल्याची आई शेंगा निवडत बसली होती. मी दम न घेता विचारलं, "मावशी, निर्माल्य नदीत सोडलं का हो?"

"नदीत? नाय गं बाई. आपल्याच वावरातली फुलं, नदीला कशापायी द्यायची? मोगऱ्याच्या बुडाशी पसरली."

मी पर्स टाकली आणि मोगऱ्यापाशी जाऊन दोन्ही हातांनी माती उकरायला लागले. म्हातारी शांतपणे शेंगा निवडत बघत होती.

"काय पडलं गं तुझं? कुडी का?"

"चिमटी, मावशी. लांब, स्टीलची."

"अगं, ती व्हय! मंग माती कशाला उकरती? ती देव्हाऱ्यात हाय."

देव्हाऱ्यात खरंच होती. छाटणीची कात्री, विळा, खुरपं, आणि त्यांच्या शेजारी आमची चिमटी, हळदीनं माखलेली, वर आपट्याचं पान. मावशींना ती फुलांत सापडली, आणि त्यांना वाटलं मुलानं पूजेसाठीच घरी आणली. "समद्यांची हत्यारं पूजली," त्या म्हणाल्या, "त्याचं एकट्याचं कसं मागं ठेवायचं?" एवढ्यात झेंडूवाला बागेतून आला. माझ्या हातात चिमटी बघून त्याचा चेहरा पडला. "ताई, लय मोठा घोळ झाला का?" मी त्याला खूप बोलणार होते, वाटेत सगळं पाठ करून आले होते. पण मावशींनी तोपर्यंत माझ्या हातावर साखर ठेवली, आणि साखर तोंडात असताना मला रागावता येत नाही.

साहेबांनी चिमटी उजेडात धरली. नंबर तोच. पण कोरलेल्या आकड्यांत पिवळं काहीतरी बसलेलं. त्यांनी वास घेतला.

"ये क्या है?"

"हळद," मामा म्हणाले. "अँटिसेप्टिक."

साहेब हसले. त्यांना हसताना आम्ही पहिल्यांदाच बघितलं. मग त्यांनी लगेच दोन नवे नियमही केले. पुढच्या वर्षीपासून हत्यारं पेटीतच ठेवून पेटीची पूजा, आणि निर्माल्य बाहेर न्यायच्या आधी झटकून बघायचं. मामांनी चिमटी खाचेत ठेवली. हळद पुसली नाही.

विमान ऑक्टोबर संपायच्या आत उडालं. सकाळ स्वच्छ होती, रामशेजचा डोंगर अगदी जवळ आल्यासारखा वाटत होता. इंजिन सुरू झालं, विमान धावपट्टीकडे निघालं, आणि आम्ही दाराकडे धावलो. मी मागे वळून बघितलं तर मामा सवयीनं भिंतीकडे निघालेले. मी हँगर हादरेल अशी हाक मारली, "मामा!" ते थांबले. मग आले, माझ्याशेजारी उभे राहिले आणि दाराची कड घट्ट धरली.

विमान धावलं, उचललं गेलं, आणि गरजत वर गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी वाजवल्या नाहीत, त्यांचे हात दारावरच होते. विमान दिसेनासं झालं, लोक पांगले, चहा आला, तरी ते त्या रिकाम्या आभाळाकडेच बघत राहिले. मी पण थांबले. मनातल्या मनात विमानाची दृष्ट काढत होते, खोटं कशाला सांगू, दृष्टीबिष्टीवर माझा विश्वास नसूनही.

मग पुन्हा आवाज आला. विमान खाली आलं, चाकं टेकली, मागे वेग कमी करणारी छत्री उघडली आणि ते शहाण्यासारखं थांबलं. मामांनी दार सोडलं, रुमालानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"लय छान दिसतं गं. उगाच इतकी वर्षं भिंत बघत बसलो."