बाईंचे दोन पाटे

बाईंच्या स्वयंपाकघरात मिक्सर नव्हता, पण पाटे दोन होते. एक त्यांचा स्वतःचा, लग्नात माहेरहून आलेला. दुसरा माझ्या आईचा. आईच्या पाट्यावर त्या फक्त लसणाची चटणी वाटत आणि स्वतःच्या पाट्यावर बाकी सगळं. एकावरच का भागत नाही, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "सासूबाईंच्या पाट्यावर माझं खोबरं मऊ होत नाही आणि माझ्या पाट्यावर त्यांची चटणी जमत नाही. आमचं एकमत कधी नव्हतंच. आता दगडांचं तरी कशाला करायचं?"

बाई म्हणजे माझी बायको. खडकीच्या एका शाळेत त्यांनी निवृत्त होईपर्यंत गणित शिकवलं. भाजीवाल्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. घरात मी नावाने हाक मारत असे, पण आता लिहायला बसल्यावर हातून ‘बाई’ असंच उतरतं आहे. तर तसंच राहू दे. मी विद्यापीठात ग्रंथपाल होतो. आमच्या घरात बोलायचं काम त्यांच्याकडे होतं आणि ऐकायचं माझ्याकडे, आणि दोघांनीही ते मन लावून केलं.

ते दोन पाटे आमच्याबरोबर खडकीच्या भाड्याच्या खोलीतून धायरीला आणि धायरीहून कर्वेनगरला आले. दर वेळी ते मी उचलले. टेंपोवाले कपाट उचलत, पलंग उचलत, पण पाट्यांपाशी आले की त्यांना पाठीचं दुखणं आठवत असे. "हे दगड कशाला हवेत?" मी धापा टाकत म्हणायचो. बाई म्हणायच्या, "तुमच्या पुस्तकांच्या खोक्यांना मी कधी दगड म्हणाले का?" मी दुसरा पाटा आणायला वळायचो.

बाईंची दुसरी ओळख म्हणजे त्या कुठेही वेळेआधी पोचत. पाच-दहा मिनिटं नव्हे, चांगला तासभर. लग्नाला आम्ही जायचो तेव्हा सनईवाले अजून चहा पीत असायचे. नाटकाला गेलो तर डोअरकीपरच्या आधी आम्ही दारात. मला संकोच वाटायचा, त्यांना कधीच नाही. "उशिरा येणाऱ्याला निमित्त लागतं," त्या म्हणत, "लवकर येणाऱ्याला फक्त खुर्ची लागते."

वर्गातलं त्यांचं एक वाक्य मात्र साऱ्या खडकीला माहीत होतं: "वाजवायचं तर मोजून वाजव." ते वाक्य ज्या मुलीमुळे जन्मलं ती रुबीना. सातवीत होती आणि शेवटच्या बाकावर बसून कंपास-पेटी वाजवायची. बाकीचे शिक्षक तिला वर्गाबाहेर काढत. बाईंनी तिला फळ्यापाशी बोलावलं. चार सारखे ठोके मारायला लावले. मग म्हणाल्या, "आता एका ठोक्याच्या जागी दोन मार." रुबीनाने मारले. "हा झाला अर्धा. आता अर्ध्याचा अर्धा." तेही तिला जमलं. "हेच फळ्यावर लिही." अपूर्णांकांनी त्या मुलीला तोवर रडवलं होतं. त्या दिवसानंतर ती अपूर्णांकांना घाबरली नाही, असं बाई आम्ही चहा घेताना सांगत. सांगताना एक बोट टेबलावर वाजवत असत.

रुबीनाने पुढे कॉमर्स केलं, नोकरी धरली, पण ईदला शिरखुर्म्याचा डबा घेऊन ती न चुकता यायची आणि त्याच डब्यात लसणाची चटणी घेऊन जायची. अशाच एका ईदला तिने सांगितलं, "बाई, मी डीजे झालेय."

आमच्याकडे डीजे म्हणजे मिरवणुकीत ट्रकवर चढवलेली स्पीकरची भिंत. तिने आमच्या खिडक्यांच्या काचा बऱ्याचदा थरथरवलेल्या. बाईंनी चष्मा काढून रुबीनाकडे पाहिलं. "ती भिंत तू असतेस?"

"नाही बाई. मी माणूस आहे."

मग तिने समजावलं. तिच्याकडे दोन रेकॉर्ड प्लेयर होते. तिच्या नानांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, मागे ठेवलेल्या तबकड्या होत्या आणि जुन्या बाजारात रविवारमागून रविवार घालवून जमवलेल्या आणखी कितीतरी. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन्हीकडे लावायच्या. त्यातला चार ठोक्यांचा एक तुकडा डावीकडे वाजला की तोच उजवीकडे वाजवायचा, तेवढ्यात डावीकडची तबकडी हाताने मागे फिरवून घ्यायची. म्हणजे जो तुकडा क्षणात संपतो, तो हवा तेवढा वेळ चालू राहतो. हिपहॉप तिथूनच सुरू झालं, ती म्हणाली.

बाईंनी टेबलावर बोटाने चार ठोके मोजले, मग पुन्हा तेच चार. "आवर्ती दशांश," त्या म्हणाल्या. "एक भागिले तीन. संपतच नाही."

"तेच, बाई," रुबीना म्हणाली. "लोकांना समजवायला मला अर्धा तास लागतो."

या गोष्टीनंतर काही वर्षांनी रुबीनाला पहिला मोठा मंच मिळाला. तोवर ती लहानसहान कॅफेंत वाजवायची. हा कार्यक्रम आमच्या घराजवळच, नदीकाठच्या एका भल्या मोठ्या लॉनवर होता, जिथे एरवी लग्नं लागतात. चार डीजे, आणि चौघांनीही फक्त तबकड्यांवर वाजवायचं, असं ठरलं होतं. त्या वर्षी बाईंचे उपचार चालू होते. डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केली होती. बाई त्यांना म्हणाल्या, "गर्दी व्हायच्या आत जाते." पुढचा मोठा मंच कधी मिळेल ते रुबीनाला माहीत नव्हतं, आणि तो आपल्याला बघायला मिळेल का ते बाईंना.

कार्यक्रम संध्याकाळचा. आम्ही दुपारीच पोचलो. लॉन रिकामं होतं. बाई मास्क लावून, डोक्याला रुमाल बांधून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या. समोर लाकडी फळ्यांचा मंच, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच स्पीकर. रुबीना यंत्रं तपासत होती. तिने तबकडीवर सुई ठेवली, स्पीकर घुमले, आणि सुई उडाली. पुन्हा ठेवली. इतक्यात सरावाला आलेल्या नाचणाऱ्या मुलांनी मंचावर एक उडी घेतली, आणि सुई सबंध तबकडीवरून घसरत गेली. तो आवाज मला अजून आठवतो. नवं कापड टराटरा फाडावं तसा.

गळ्यात बिल्ला अडकवलेला एक तरुण संयोजक धावत आला. "रुबीना, बाकीचे तिघं लॅपटॉपवर शिफ्ट होतायत. तू पण हो ना यार. प्लेयर राहू देत समोर. लोकांना काय कळणारे?"

"मला कळेल."

"अगं, सुई टिकत नाहीये."

"मग मी नाही वाजवत," रुबीना म्हणाली, आणि तबकड्या पाकिटात घालू लागली.

बाई खुर्चीवरून उठून मंचापाशी गेल्या. ध्वनियंत्रणेचं काम बघणारा माणूस धायरीचा होता, गुडघ्यावर बसून वायरी बघत होता. बाईंनी त्याला विचारलं, "का उडते?"

"स्टेज पोकळ हाय, बाई. हादरा खालनं येतो. रबर हाय माझ्याकडं, पण रबरावर वजन पायजे. दोन चांगले जड दगड आसते, तर सुई हालली नसती."

"किती जड?"

त्याने विचार केला. "उचलताना माणसाच्या तोंडात शिवी यावी येवढे."

बाई माझ्याकडे वळल्या. "अहो," म्हणाल्या. ते ‘अहो’ मी ओळखलं.

घरी जाऊन वॉचमनच्या मदतीने दोन्ही पाटे पोत्यात घालून मी रिक्षात ठेवले. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. "काय आहे, काका?"

"पाटे."

"लॉनवर जेवणावळ आहे वाटतं."

"नाही. गाणं आहे."

त्याने आरशात माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "चढावर थांबली तर उतरून ढकलायचं तुम्ही. आधीच सांगून ठेवतो."

रिक्षा थांबली नाही. मंचावर रबराच्या पट्ट्यांवर डावीकडे आईचा पाटा ठेवला, उजवीकडे बाईंचा. वर एकेक प्लेयर. वाटून वाटून पाटे मध्ये खोलगट झालेले होते, पण प्लेयरचे चारही पाय कडांवर बरोबर टेकले. धायरीकराने एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला आणि विचारलं, "दोन्ही घरचेच का?"

"एक सासूचा, एक माझा," बाई म्हणाल्या.

"मग जपून ठिवायला पायजे शेजारीशेजारी," तो म्हणाला, आणि स्पीकर पूर्ण सोडले. छातीत धडका बसू लागल्या. नाचणाऱ्या मुलांना त्याने हवं तेवढं उडायला सांगितलं. आम्ही सगळे सुईकडे बघत उभे होतो. बाई पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "हलली?"

"नाही, बाई."

"मग वाजव. मोजून."

संध्याकाळी लॉन भरलं. एवढी तरुण मुलं मी विद्यापीठाच्या परीक्षेच्या दिवसांतही पाहिली नव्हती. रुबीना सगळ्यात आधी आली. सैल काळा सदरा, केस घट्ट बांधलेले. तिने एक हात डाव्या तबकडीवर ठेवला, आणि पुढे जे झालं ते संगीत म्हणून मला किती समजलं, सांगता येणार नाही. पण मी तिचे हात पाहिले. डावीकडून एक जाड, खालचा ठेका आला. उजवीकडून तोच आला, आणि दोन्हींच्या मधली शिवण कुठे आहे ते कळेना. तबकडी तिच्या बोटांखाली पुढे जायची तेव्हा बोलायची आणि मागे यायची तेव्हा गप्प व्हायची.

बाईंनी माझा दंड धरला. "अहो, ही वाटतेय. पुढे जाताना दाबते, मागे येताना सोडते. बघा ना. वाटणच आहे हे."

मी पाहिलं आणि तसंच होतं. खांद्यातून येणारा तोच जोर, मनगटाची तीच उलटापालट. आणि खाली दोन पाटे. तिखटमिठावरून ज्यांचं आयुष्यभर जमलं नाही, त्या माझ्या घरातल्या दोन बायका हजारो लोकांसमोर एका ठेक्यावर होत्या, आणि सुई हलत नव्हती.

मग रुबीनाने नानांची तबकडी काढली. एका जुन्या गायिकेची अर्ध्या ओळीची तान. ती तिने धरली, मागे घेतली, पुन्हा सोडली, पुन्हा, आणि पुन्हा, खाली ठेका वाढत गेला. समोरच्या मुलांनी हात वर केले. मंचावर पोरं खुशाल उड्या मारत होती. बाई माझ्या मनगटावर बोटाने मोजत होत्या: चार, मग आठ, मग अर्ध्याचे अर्धे. त्या कधी उभ्या राहिल्या ते मला कळलंच नाही. मी खुर्ची पुढे केली. "राहू दे," त्या म्हणाल्या. "सगळे उभे आहेत." शेवटचा ठोका पडला तेव्हा जो कल्लोळ उठला, त्यात बाईंनी मास्क खाली ओढून शिट्टी मारली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना शिट्टी येते हे मला माहीत नव्हतं.

लॅपटॉप उघडून बसलेले बाकीचे तिघं तोवर पाट्यांभोवती जमा झाले होते. त्यातला दिल्लीहून आलेला एक दाढीवाला मंच उतरून बाईंकडे आला. "आंटीजी, मैं भी इसी पत्थर पे बजाऊँ?"

"आधी हात धुवा," बाई म्हणाल्या. "त्यावर आमचं खाणं होतं."

तो खरोखर हात धुवून आला. त्या संध्याकाळी चौघांनीही तबकड्यांवरच वाजवलं. निघताना रुबीना बाईंच्या पाया पडली आणि भीतभीत म्हणाली, "बाई, पाटे थोडे दिवस माझ्याकडे ठेवू?"

"उद्या सकाळी दहाच्या आत आणून दे," बाई म्हणाल्या. "रविवार आहे."

तेव्हापासून पाटे अधूनमधून शनिवारी जात आणि रविवारी सकाळी परत येत. धुऊनपुसून येत, तरी बाई पुन्हा धूत. मग रविवारची चटणी होई, आणि रुबीना डबा भरून नेई.

पुढच्या हिवाळ्यात बाई गेल्या. तिथेही त्या वेळेआधीच पोचल्या.

त्यानंतर पाटे ओट्याखाली भिंतीला टेकून उभे होते. रुबीना येत राहिली. चहा करायची, माझ्या औषधांची विचारपूस करायची, पण ओट्याकडे बघायची नाही. एकदा मीच विचारलं, "सध्या कुठे वाजवतेस?" तिने शहराबाहेरच्या एका मोठ्या बंदिस्त सभागृहाचं सांगितलं, नदीकाठच्या लॉनहून कितीतरी मोठ्या. आणि मग कपात बघत म्हणाली, "लॅपटॉपवर वाजवेन, काका. तिथलाही स्टेज पोकळ आहे."

तिच्या कार्यक्रमाच्या शनिवारी मी वॉचमनला वर बोलावलं. आम्ही दोन्ही पाटे खाली आणले. मी रिक्षा केली आणि दुपारीच जाऊन पोचलो. दारावरच्या माणसाने पोत्यात डोकावून पाहिलं. "आजोबा, हे आत नेता येणार नाही."

"वाद्य आहे," मी म्हणालो.

"कुठलं?"

"रुबीनाला विचारा."

तिच्याआधी धायरीकर बाहेर आले; तिथलीही ध्वनियंत्रणा त्यांच्याकडेच होती. त्यांनी पोतं पाहिलं, मला पाहिलं, माझ्या शेजारची रिकामी जागा पाहिली. मग वाकून एक पाटा उचलला. "आल्या का सासूसुना," एवढंच म्हणाले. दुसरा पाटा मी उचलला. तो बाईंचा होता. मंचाच्या पायऱ्या चढताना मला नेहमीप्रमाणे धाप लागली, पण या वेळी मी त्याला दगड म्हणालो नाही.

त्या संध्याकाळी रुबीनाने जे वाजवलं त्याने ते अवाढव्य छप्पर हादरलं. सुई हादरली नाही. माझं बोट खुर्चीच्या दांडीवर मोजत होतं: चार, आठ, अर्ध्याचे अर्धे. मग माझ्या लक्षात आलं की सगळे उभे आहेत, आणि मीही उभा राहिलो.

कार्यक्रम संपल्यावर ती घामाने भिजलेली, तशीच माझ्याकडे आली. डोळे पुसत म्हणाली, "काका, आता हे माझ्याकडेच राहू देत का? तुम्हाला ओझं उचलायला नको."

"उद्या सकाळी दहाच्या आत आणून दे," मी म्हणालो. "रविवार आहे. डबा आण."